ऐकीव आणि पाहिलेले : अल-बेरुनी, इब्न अल-हैसम आणि इब्न खल्दून यांचा 'प्रभाव' म्हणजे नेमके काय?

शाईदौत

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. पुढच्या महिन्यात आमच्या शाळेत विज्ञान मंडळ आणि इतिहास मंडळ यांचा एकत्र तास आहे, आणि नववीच्या मुलांपुढे मध्ययुगातील पूर्वेकडच्या विद्वानांविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. टिपणे काढायला बसले आणि 'प्रभाव' या एका शब्दापाशी अडले, म्हणून हा धागा.

या विद्वानांची ओळख आपल्याकडे बहुधा एकाच वाक्यात उरकली जाते: ग्रीकांची विद्या त्यांनी अरबीत आणली, जपली आणि युरोपच्या हवाली केली. म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणारे विश्वासू लोक, एवढीच त्यांची योग्यता. मला हे वर्णन अन्यायकारक वाटते. अल-बेरुनीचा (जन्म ९७३, मध्य आशियातील ख्वारिझम) हिंदुस्थानविषयक ग्रंथ १०३० च्या सुमारास पुरा झाला. त्याची ८० प्रकरणे आहेत, पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते सुरुवातीचे विवेचन. ऐकलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची बरोबरी करू शकत नाही, हे तो आधी मान्य करतो. मात्र पाहणे वर्तमानापुरतेच असते आणि भूतकाळासाठी आपल्याला सांगणाऱ्यांवरच विसंबावे लागते, म्हणून सांगणारा खोटे का सांगेल याची कारणे तो एकेक करून तपासतो: स्वार्थ, आपल्या जमातीचा अभिमान, शत्रुत्व, भीती, आणि निव्वळ अज्ञानाने आधीच्याचे म्हणणे पुढे चालवणे.

हाच मनुष्य पुढे उत्तर हिंदुस्थानच्या मैदानातील दगडगोटे पाहतो. डोंगराजवळ, जिथे नद्यांना जोर असतो तिथे धोंडे मोठे. पुढे गोटे लहान होत गेलेले. मुखाजवळ नुसती वाळू. त्यावरून तो म्हणतो की ही भूमी कधी काळी समुद्र असावी आणि नद्यांच्या गाळाने ती भरत आली असावी. माणसाच्या साक्षीला जो प्रश्न विचारायचा तोच त्याने दगडाला विचारला, असे मला हे वाचताना प्रकर्षाने वाटले. इतिहास आणि विज्ञान यांचे मूळ त्याच्यापाशी एक आहे.

आता प्रश्न. याला 'प्रभाव' म्हणावे का? पुढच्यांनी हे खरोखर त्यांच्याकडून घेतले, की आज मागे वळून पाहताना आपल्याला साम्य दिसते म्हणून आपण तसे म्हणतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोटिज्या

उत्तम विषय. ठेव सांभाळण्याच्या कल्पनेवर एक शब्दच उत्तर देतो. आपल्याकडील ज्योतिषगणितात धनुष्याच्या दोरीवरून 'ज्या' किंवा 'जीवा' ही संज्ञा आली. बगदादमध्ये आठव्या शतकात ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतील सिद्धान्त अरबीत उतरला, तेव्हा 'जीवा'चे 'जीबा' झाले. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिण्याची रीत नसल्यामुळे आणि 'जीबा' हा परका शब्द असल्यामुळे पुढच्या वाचकांनी तीच अक्षरे 'जैब' अशी वाचली. जैब म्हणजे अंगरख्याचा गळा, वस्त्राची दुमड. हिंदीतला 'जेब' तोच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी दुमड या अर्थाचा 'सायनस' शब्द योजला, आणि आज आपली मुले 'साइन' म्हणतात.

परंतु ही केवळ शब्दाची वाटचाल नाही. 'ज्या' या एका फलावरून सहाही त्रिकोणमितीय गुणोत्तरे, त्यांची कोष्टके आणि गोलीय त्रिकोणांचे नियम हे सारे या प्रवासात वाढले. घेतले तसेच पुढे दिले असते, तर युरोपला मिळालेली त्रिकोणमिती इतकी वेगळी दिसली नसती.

जुनीवही

शाईदौत, तुमची आस्था पटते, पण मुलांपुढे 'प्रभाव' हा शब्द सरसकट वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रभाव म्हटला की कागद दाखवता आला पाहिजे: कोणते पुस्तक, कोणत्या भाषेत, कोणाच्या हाती पडले?

इब्न अल-हैसमच्या बाबतीत हा कागद दाखवता येतो. बसऱ्यात सुमारे ९६५ मध्ये जन्मलेल्या आणि कैरोत वारलेल्या या विद्वानाचा प्रकाशशास्त्रावरील सात भागांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, विटेलो या युरोपीय विद्वानाने तेराव्या शतकात त्याच्या आधारे लिहिले, १५७२ मध्ये बाझेल येथे दोन्ही एकत्र छापले गेले, आणि केप्लरने १६०४ मध्ये आपले प्रकाशविषयक पुस्तक विटेलोला पुरवणी म्हणूनच प्रसिद्ध केले. साखळीची एकही कडी सुटलेली नाही.

बेरुनीचा हिंदुस्थानविषयक ग्रंथ मात्र मध्ययुगात लॅटिनमध्ये गेलाच नाही. एडवर्ड झाखाऊने मूळ अरबी पाठ १८८७ मध्ये आणि इंग्रजी भाषांतर त्यानंतर प्रसिद्ध केले, तेव्हा युरोपला तो खऱ्या अर्थाने ठाऊक झाला. तोवर युरोपातील इतिहासपद्धती आपल्या पायांवर उभी राहिली होती. मग प्रभाव कोणावर?

तुसीचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. मंगोल राज्यकर्ता हुलागू याच्या आश्रयाने १२५९ मध्ये इराणमधील मराग्याला वेधशाळा उभारणाऱ्या नासिरुद्दीन तुसीने दोन वर्तुळांच्या गतीतून सरळ रेषेतील गती मिळवण्याची युक्ती शोधली. तीच युक्ती कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथात आहे आणि आकृतीवरची अक्षरेही बरीचशी जुळतात. तरीही नेमके कोणते हस्तलिखित त्याच्या हाती आले, हे दाखवता आलेले नाही. तिथेही मी 'दाट शक्यता' एवढेच म्हणेन.

मावळतवारा

एक छोटी दुरुस्ती. शीर्षकातील तिघांपैकी इब्न खल्दून १३३२ मध्ये ट्युनिसला जन्मला. अरब जगात त्या प्रदेशाला 'मगरिब' म्हणजे मावळतीचा मुलूख म्हणतात. त्याला पूर्वेकडचा म्हणणे हा युरोपात उभे राहून पाहण्याचा परिणाम आहे, आणि मुलांना नकाशावर हे दाखवले तर त्यांना गंमत वाटेल.

शाईदौत

मावळतवारा, आभार. हे माझ्या लक्षातच आले नव्हते; नकाशा नक्की नेईन.

जुनीवही, तुमचा आक्षेप रास्त आहे. पण प्रभाव फक्त युरोपवरच मोजायचा का? इराणच्या मंगोल दरबारातील वजीर रशीदुद्दीनने चौदाव्या शतकाच्या आरंभी तब्रीझला जगाचा इतिहास लिहिला, त्यात हिंदुस्थानच्या भागासाठी बेरुनी वापरला आणि जोडीला कमलश्री या काश्मिरी भिक्षूची माहिती घेतली. पुस्तकाला जिवंत माणसाच्या सांगण्याची जोड देणे ही बेरुनीचीच रीत नव्हे काय?

तळटीप

मला इथे एक अस्वस्थता मांडावीशी वाटते. बेरुनी गझनीला स्वखुशीने आला नव्हता हे खरे. १०१७ मध्ये महमुदाने ख्वारिझम घेतले आणि तिथल्या विद्वानांबरोबर त्यालाही नेले. पण हिंदुस्थानात त्याला वाट मिळाली ती महमुदाच्या फौजांनी उघडलेली. ज्या पंडितांना तो प्रश्न विचारत होता, त्यांना मोकळेपणाने उत्तर देण्याची मुभा कितपत होती? हिंदू लोक गर्विष्ठ आहेत, आपल्या देशासारखा देश नाही असे मानतात आणि आपली विद्या परक्यांपासून लपवतात, अशी तक्रार तो करतो. ज्यांची देवळे नुकतीच फुटली आहेत, त्यांनी परक्यापासून काही लपवले तर त्यात नवल काय? साक्षीदार खोटे का बोलतो याची कारणे ज्याने इतकी नेमकी सांगितली, त्याची स्वतःची जागाही आपण त्याच कसोटीवर तपासली पाहिजे.

शाईदौत

तळटीप, तुमचे म्हणणे मी टिपणात घेतले आहे आणि मुलांना सांगणार आहे. फक्त त्याला एक जोड हवी. पहिल्याच प्रकरणात तो लिहितो की महमुदाने या देशाची भरभराट पार नष्ट केली, लोक धुळीच्या कणांसारखे दशदिशांना विखुरले, आणि हिंदूंच्या विद्या जिंकलेल्या मुलखातून दूर काश्मीर, वाराणसी अशा ठिकाणी निघून गेल्या. म्हणजे लपवण्यामागचे कारण त्याला ठाऊक होते आणि गझनीत बसून त्याने ते लिहून ठेवले. हा वादविवादाचा ग्रंथ नाही, हिंदूंचे म्हणणे जसेच्या तसे मांडेन, असे आश्वासन तो वाचकाला देतो. ते त्याने सर्वत्र पाळले असे मी म्हणणार नाही. पाळण्याची इच्छा मात्र पानोपानी दिसते.

शंकुसाखळी

मी निवृत्त भूकरमापक आहे. इतिहासावर अधिकाराने बोलू शकत नाही, पण बेरुनीने पृथ्वीची त्रिज्या मोजली त्या नंदना किल्ल्याच्या प्रयोगाविषयी मोजणी करणाऱ्याच्या नजरेने लिहितो.

खलिफा मामूनच्या काळी, नवव्या शतकात, मोजणीदारांनी आजच्या इराकातील सिंजारच्या सपाट मैदानात उत्तर-दक्षिण चालत जाऊन एका अंशाची लांबी काढली होती. ज्यांनी उन्हात साखळी ओढली आहे, त्यांना या कामाचे कष्ट सांगायला नकोत. बेरुनीने वाळवंट न तुडवता तीच गोष्ट काढण्याचा मार्ग शोधला. पंजाबातील नंदनाजवळ त्याला हवा तसा डोंगर मिळाला: एका बाजूला उंच कडा आणि पुढे अडथळा नसलेले सपाट मैदान. मैदानात एका रेषेतील दोन ठिकाणांवरून शिखराचे कोन घेऊन त्याने उंची काढली, ती ६५२ हातांहून किंचित अधिक भरली. मग शिखरावर चढून क्षितिज डोळ्यांच्या समपातळीपेक्षा किती खाली दिसते ते मोजले, ते ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). या दोन आकड्यांवरून त्रिज्या आली १,२८,०३,३३७ हात.

हे गणित मी काल रात्री वहीत करून पाहिले. डोंगराची उंची गुणिले अवनत कोनाची, म्हणजे क्षितिजाच्या त्या ३४ कलांच्या कोनाची, कोटिज्या (कोसाइन), भागिले एक वजा तीच कोटिज्या, असे सूत्र आहे. अडचण भाजकात आहे. कोष्टकातल्या वर्तुळाची त्रिज्या ६० भागांची धरली (भागाचा साठावा हिस्सा म्हणजे कला, कलेचा साठावा हिस्सा म्हणजे विकला) तर ३४ कलांची कोटिज्या ५९ भाग, ५९ कला आणि ४९ विकला एवढी येते. म्हणजे पूर्ण ६० ला फक्त ११ विकला कमी. अधिक बारीक कोष्टक घेतले तर ही तूट ११ नसून सुमारे १०.५६ विकला भरते. अर्ध्या विकलेहूनही लहान असा हा फरक, पण तो भाजकात असल्यामुळे उत्तर १ कोटी २८ लाखांवरून सुमारे १ कोटी ३३ लाखांवर जाते. कोनात एका कलेची चूक झाली तर त्रिज्या जवळजवळ सहा टक्क्यांनी हलते. शिवाय क्षितिजालगतच्या हवेत प्रकाश वाकतो, त्याचा या सूत्रात विचार नाही.

आता समाजमाध्यमांवर फिरणारे वाक्य: 'बेरुनीने हजार वर्षांपूर्वी पृथ्वीची त्रिज्या ९९ टक्के अचूक काढली.' त्याचा हात ४९ सेंटिमीटरांचा धरला तर ६,२७४ किलोमीटर येतात, ५० चा धरला तर ६,४०२, आणि आजची सरासरी त्रिज्या ६,३७१ आहे. हव्या त्या लांबीचा हात निवडला की हवी ती अचूकता मिळते. म्हणून शाईदौत, माझी विनंती आहे की मुलांना टक्केवारी सांगू नका. डोंगराची उंची आणि क्षितिजाचा कोन एवढ्यावर पृथ्वीचे माप निघते, ही युक्ती सांगा. ती निर्विवाद थोर आहे. त्याने स्वतः या मोजणीकडे मामूनच्या मोजणीचा पडताळा म्हणूनच पाहिले होते.

कोटिज्या

शंकुसाखळी, या प्रतिसादासाठी मनापासून धन्यवाद. तुमची ११ विकला मीही पडताळून पाहिली. बेरुनीचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळतो. एक हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने कोष्टकातून कोणता आकडा उचलला, हे त्याच्या उत्तरावरून उलटे ओळखता येते, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

गडवाट

थोडे अवांतर वाटेल, पण विषयाशी संबंध आहे. बेरुनीच्या ग्रंथात आपलाही उल्लेख आहे. धारपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेचे टप्पे सांगताना तो 'महरट्टदेश' नोंदवतो आणि पुढे कोकण व त्याची समुद्रकिनाऱ्यावरची राजधानी 'ताना', म्हणजे आपले ठाणे. मात्र तो इकडे आला नव्हता. वायव्येकडील ज्या गावांचे अक्षांश त्याने स्वतः घेतले त्यांची नावे देऊन, यापलीकडे मी गेलो नाही, असे तो सांगतो. म्हणजे ठाणे त्याच्या लेखी ऐकीव.

कोकणातील एका प्राण्याविषयीही तो लिहितो, त्याचे नाव 'शरव'. चार पाय खाली, पाठीवर वर वळलेले चार पायांसारखे अवयव, आणि हत्तीवर चाल करून त्याला फाडणारा. मेघगर्जना ऐकली की तो तिला एखाद्या प्राण्याचा आवाज समजतो, शिखरावरून तिच्यावर झेप घेतो आणि दरीत कोसळून मरतो. हा आपला शरभ, यात मला शंका नाही. मेघदूतातही मेघावर झेपावून स्वतःचेच अंग मोडून घेणारे शरभ आहेत. आणि जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडी लागली की भिंतीवर हत्तींना पंजांत धरलेला जो पशू दिसतो, तो आपल्या कितीतरी किल्ल्यांच्या दारांवर कोरलेला आहे.

मला महत्त्वाचे वाटते ते असे की बेरुनीने ही कथा गाळली नाही आणि स्वतःच्या नावावर खपवलीही नाही. लोक असे सांगतात, अशी खूण करून ठेवली. त्याने ती अद्भुत म्हणून टाकून दिली असती, तर अकराव्या शतकात कोकणच्या नावाने ही कथा पंजाबपर्यंत पोहोचली होती हे आपल्याला कळले नसते.

तळटीप

गडवाट, फार सुंदर. माझी अस्वस्थता गेली असे नाही, पण खूण करून ठेवण्याच्या या मुद्द्यामुळे मी ते प्रकरण पुन्हा वाचायला घेतो आहे.

बखरवाचक

इब्न खल्दूनविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. १३७७ मध्ये, आजच्या अल्जीरियातील इब्न सलामाच्या गढीत राहून, त्याने आपल्या इतिहासाच्या प्रस्तावनेचा पहिला खर्डा पाच महिन्यांत लिहिला. १३४८ च्या सुमारास आलेल्या महामारीत त्याचे आईवडील गेले होते, आणि वजीर, कैदी, दूत, न्यायाधीश अशा सर्व भूमिकांतून त्याने राज्ये उभी राहताना आणि कोसळताना जवळून पाहिली होती. पुढे १४०१ मध्ये दमास्कसच्या तटावरून दोराने खाली उतरून तो तैमूरला भेटला. असा माणूस राज्ये का बुडतात याविषयी लिहितो, तेव्हा ते पुस्तकी राहत नाही.

त्याची एक तपासणी मला कायम उपयोगी पडली. मूसाच्या (बायबलमधील मोझेसच्या) सैन्यात वीस वर्षांवरील सहा लाख लढवय्ये होते, असे मसूदी आणि इतर इतिहासकार लिहितात. इब्न खल्दून विचारतो: एवढी फौज एका मैदानावर उभी तरी कशी राहील? एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळणार कसे? आणि मूसाचा पूर्वज याकूब याच्याबरोबर मिसरात (इजिप्तमध्ये) गेलेल्या सत्तर माणसांची अवघ्या चार पिढ्यांत इतकी वाढ कशी होईल? त्याचे म्हणणे असे की सांगणारा विश्वासू आहे की नाही हे पाहण्याआधी सांगितलेली गोष्ट घडणे शक्य आहे का, हे पाहा.

आपल्या बखरींतील लाखांचे आकडे वाचताना मी हेच करतो. घोड्याला रोज लागणारा दाणा आणि वैरण, बाजारबुणगे, पाण्याची सोय, घाटातून एका वेळी किती जनावरे जातील, हे मांडले की आकडा आपोआप खाली येतो. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला, त्यामागची वृत्ती हीच होती. त्यांनी ती इब्न खल्दूनकडून घेतली असे मी मुळीच म्हणत नाही. तसा पुरावा नाही.

जुनीवही

बखरवाचक, शेवटच्या दोन वाक्यांबद्दल विशेष आभार. इब्न खल्दूनचे वाचक सतराव्या शतकात उस्मानी (ऑटोमन तुर्की) दरबारात होते. तिथल्या कातिब चेलेबी आणि नईमा या इतिहासकारांनी त्याचा राज्याच्या वयाचा सिद्धान्त (राज्यही माणसासारखे वाढते आणि म्हातारे होते) आपल्या राज्याच्या दुखण्याला लावून पाहिला. तो प्रभाव निःसंशय आहे. मूळ अरबी पाठ पॅरिसमध्ये १८५८ साली छापला गेला, त्यानंतर युरोपने त्याला समाजशास्त्राचा पूर्वज म्हणायला सुरुवात केली. पूर्वज सापडणे वेगळे आणि वारसा मिळणे वेगळे.

मात्र मी माझे पहिले म्हणणे थोडे बदलतो. युरोपकडे जाणारी वाटच मी मोजत होतो, ते चूक होते. बेरुनी सांगतो की तो हिंदू पंडितांना युक्लिड आणि टॉलेमी सांगत होता, ॲस्ट्रोलेब या ताऱ्यांची उंची मोजण्याच्या यंत्रावर प्रबंध सांगत होता आणि पंडित ते श्लोकांत बांधत होते. ते श्लोक टिकले नाहीत. पण १३७० मध्ये, फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाने, महेंद्रसूरी या जैन मुनीने त्याच यंत्रावर संस्कृतात 'यंत्रराज' लिहिला. पुढे उलुग बेगने समरकंदला १४३७ मध्ये पूर्ण केलेली ताऱ्यांची सारणी सवाई जयसिंगाच्या हाती होती, आणि त्याच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने तुसीच्या अरबी पाठावरून युक्लिड संस्कृतात आणला. उज्जैनला गेलात तर जयसिंगाची यंत्रे शिप्रेच्या काठी उभी आहेत. हा प्रभाव दगडाचुन्यात आहे, त्याला माझा कागदाचा आग्रह लागू करायची गरज नाही.

शाईदौत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते. तासात 'प्रभाव' हा शब्द मी दोनच ठिकाणी वापरणार आहे: इब्न अल-हैसमपासून केप्लरपर्यंत आणि समरकंदपासून उज्जैनपर्यंत. बेरुनी आणि इब्न खल्दून यांच्याविषयी बोलताना तो शब्द न उच्चारता त्यांची पद्धत मुलांकडून करून घेईन.

त्यासाठी वर्गात दोन गोष्टी ठरवल्या आहेत. इब्न अल-हैसमने अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर दिव्यांची रांग लावली होती. एक दिवा झाकला की आतल्या भिंतीवरचा नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होई, यावरून प्रत्येक दिव्याचा प्रकाश एकमेकांत न मिसळता सरळ रेषेत येतो हे त्याने दाखवले. आमच्या प्रयोगशाळेला जाड पडदे आहेत, तेव्हा चार मेणबत्त्या आणि पुठ्ठा पुरेल. दुसरे, गडवाटांच्या शरभाचे वर्णन फळ्यावर लिहून मुलांना विचारीन की यातले पाहिलेले कोणते, ऐकलेले कोणते, आणि हे लिहिणाऱ्याने आपल्याला कशावरून कळू दिले.

शंकुसाखळी, ११ विकलांचे गणित नववीला झेपेल का?

शंकुसाखळी

कोटिज्या त्यांना अजून शिकवलेली नसेल, त्यामुळे सूत्र नको. पायथागोरस त्यांना येतो, तेवढा पुरे. फळ्यावर मोठे वर्तुळ काढा, त्यावर डोंगराची छोटी रेघ उभी करा आणि शिखरापासून वर्तुळाला स्पर्शिका ओढा. मध्यबिंदू, शिखर आणि स्पर्शबिंदू यांचा काटकोन त्रिकोण मुलांना लगेच दिसेल. डोंगर मुद्दाम उंच काढा, नाहीतर कोन दिसणार नाही. आणि तो तसा का काढला हेही सांगा, कारण खऱ्या प्रमाणात काढायचा तर फळ्यावरच्या एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर नंदनाचा डोंगर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा येईल, खडूच्या रेघेच्या जाडीत कुठेतरी हरवलेला.